पडायला शिकवणारा एशकोबिल

आमच्या बोयसून गावात मुलांना कुस्ती शिकवणारे तिघे-चौघे आहेत. त्यांच्या तालमीतली जाकिटं शिवायला, सांधायला माझ्याकडे येतात, आणि जाकीट कुणाच्या पोराचं आहे हे मला विचारावं लागत नाही. बाकीच्यांची जाकिटं पुढून फाटतात, गळ्यापाशी नाहीतर बगलेत, जिथे जोडीदार पकड घेतो तिथे. एशकोबिलच्या पोरांची मात्र पाठीवर विरतात. आता मी त्याच्याकडच्या जाकिटांना पाठीला आधीच दुहेरी कापड लावून देते.

कारण एशकोबिल पोरांना आधी पडायला शिकवतो. शाळेमागचं लोकरीचं जुनं गोदाम ही त्याची तालीम. खाली भुसा, त्यावर लोकरीचे जाड नमदे, त्यावर ताणून बांधलेली ताडपत्री. नवीन पोर आलं की कित्येक महिने त्याला जोड मिळतच नाही. हनुवटी छातीला लाव, पाठ गोल कर, हात अंगाशी ठेव, पड. ऊठ. पुन्हा पड. आधी बसून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, मग कुणी ढकलल्यावर.

गावाला याची गंमत वाटते. आमच्या कुस्तीत पाठ जमिनीला लागली की संपलं, खाली झोंबाझोंबी नाही. म्हणून पाठ लागणं ही मोठी नामुष्की, आणि उचलला गेलेला माणूस पाठ वाचवायला हात मागे रोवतो. सगळं अंग त्या एका हातावर येतं. मग मनगट जातं, कोपर जातं, गळ्याजवळचं हाड जातं. हे घराघरात झालेलं आहे, तरी प्रत्येक बाप पोराला हेच बजावतो, की काहीही होऊ दे, पाठ लागू देऊ नको.

"मास्तर, पोरगं पाडायला शिकावं म्हणून धाडलं होतं," एकदा एक बाप गोदामाच्या दारात उभा राहून म्हणाला. मी जाकिटं द्यायला गेले होते. "तुम्ही तर त्याला पडायचीच गोडी लावलीत. घरी गादीवर धपाधप पडत असतो. त्याची आजी घाबरते."

"आजीलाही पाठवा," एशकोबिल म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांना तर जास्त गरज आहे."

असं बोलताना तो हसत नाही, त्यामुळे समोरच्याला चिडावं की नाही ते कळत नाही. तो बाप निघून गेला. पोरगं मात्र तिथेच राहिलं.

एशकोबिल बुटका आहे, रुंद आहे, कानाच्या पाळ्या कुस्तीने चुरगळलेल्या आहेत. डावा हात कोपरात वाकलेला. ना तो पुरता सरळ होतो, ना खांद्यापर्यंत पोचतो. मशिदीत सजद्याला जाताना तो जरा तिरका वाकतो, आणि त्याच्या डावीकडचा माणूस न सांगता थोडी जागा सोडतो, असं माझा नवरा सांगतो. देवाला त्याचं काही वाटत असेल असं मला तरी वाटत नाही.

हाताचं कुणी विचारलं तर तो एवढंच म्हणतो, "पडलो होतो. पडता येत नव्हतं."

बाकीचं मला त्याच्या बायकोने, होसियतने सांगितलं. आमच्या दोघींची अंगणं एकाच भिंतीला लागून आहेत आणि तंदूर एकच आहे. कणीक मळता मळता ती बोलते.

बाप गेला तेव्हा एशकोबिल लहान होता. मोठा भाऊ नोरबोता, नुकतं मिसरूड फुटलेला. त्याने लग्नालग्नांतून कुस्त्या करून घर चालवलं. कुस्ती जिंकली की मेंढरू मिळायचं, कधी सतरंजी, आणि ते मेंढरू धाकट्याच्या पोटात जायचं. नोरबोता पैलवानांची पाठ कुणी लावली नाही असं आमच्याकडे अजून म्हणतात. एशकोबिल त्यांच्याआधी कधी बसत नाही, त्यांच्याआधी घास घेत नाही.

धाकटाही कुस्ती करू लागला. एका लग्नात सगळे सकाळपासून मांडी घालून जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसले होते, पुलाव पोटभर झालेला, पायांना मुंग्या आलेल्या. तेवढ्यात पुकारा झाला, थोरल्याने धाकट्याच्या कमरेला रुमाल बांधला आणि त्याला रिंगणात लोटलं. अंग गार, पोट जड. पहिल्याच डावात तो उचलला गेला, त्याने हात मागे रोवला आणि कोपर निखळलं.

"दादांनी काय केलं असेल?" होसियत म्हणाली. "त्याच्या बगलेत पाय रोवला आणि हात ओढला. बसला म्हणे कट्कन. मग घरी नेऊन रोज दुंब्या मेंढ्याची गरम चरबी लावून रगडायचे. रगडायचे आणि सरळ करायला खेचायचे. हे टोपी दातांत धरून पडून राहायचे. वसंतात पुन्हा रिंगणात उतरवलं."

"आणि हात?"

"मांसात हाड धरलं, असं डॉक्टर नंतर म्हणाला. जेवढं रगडाल, तेवढं ते वाढतं म्हणे." तिने कणकेचा गोळा उलटा केला. "दादांना वाटतं त्यांनीच हात वाचवला. आमच्या घरात त्यांच्यासमोर याच्यावर कुणी बोलत नाही. तूही बोलू नकोस, ताई."

मी कशाला बोलते.

नोरबोता पैलवानांना मुलगा नाही. मुलगी आहे, अनोरगुल. आता मुलींच्याही कुस्त्या लागतात, आणि ही पोरगी बापाच्या हाडाची. उंच, चपळ, तोंडाने फटकळ. आधी काकाकडेच शिकायची. वर्षभर पडणं झालं तेव्हा बाप एक दिवस गोदामात आले, कोपऱ्यात उभे राहून पाहिलं आणि म्हणाले, "पुरे. हिला पाठीची सवय लागेल." तिला घरी नेलं आणि अंगणात स्वतः शिकवू लागले. उचलणं, फिरवणं, आपटणं. पडणं नाही.

एशकोबिल तेव्हा काही बोलला नाही. थोरल्या भावापुढे तो कधीच काही बोलत नाही.

कापूस वेचून झाला होता तेव्हाची गोष्ट. तालुक्याच्या मैदानात कुस्त्या होत्या. आम्ही बायका कडेला चादर टाकून बसलो होतो. अनोरगुलने दोघींना सहज उचलून टाकलं. तिसरी सुर्खान नदीकाठची, ठेंगणी, घट्ट. तिने अनोरगुलला कमरेवर घेतलं, आणि मला तिथून दिसलं की अनोरगुलचा उजवा हात मागे गेला. पाठ लागली नाही. ती त्या हातावर पडली आणि उठलीच नाही.

सगळे धावले. कोपर भलतीकडेच वळलं होतं, मागचं हाड कातडीखाली टोकदार वर आलेलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती ओरडत नव्हती. नोरबोता पैलवान गुडघ्यावर बसले आणि त्यांनी मनगट धरायला हात पुढे केला.

"दादा, हात लावू नका."

एशकोबिल मध्ये येऊन बसला होता. भावाच्या आणि पुतणीच्या मध्ये. मी इतकी वर्षं शेजारी राहते, पण त्याला थोरल्याच्या वाटेत आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"सरक. बसवतो आत्ता," पैलवान म्हणाले. "तुझा नाही का बसवला?"

"बसवाल. पण आत काही मोडलं असेल तर? शीर अडकली असेल तर? आधी इस्पितळात हाडाचा फोटो काढू दे." तो भावाकडे बघत नव्हता, पोरीकडे बघत होता. "अनोर, बोटं हलव. हं. ही करंगळी लागते का? मी कुठलं बोट धरलंय?"

"मधलं," ती म्हणाली. "काका, मी जिंकले का?"

"पाठ तर लागली नाही. बाकी पंचाला विचार."

त्याने हात सरळ करायचा प्रयत्नच केला नाही. जसा वाकडा होता तसाच ठेवून खालून जाकिटाची घडी दिली आणि पट्ट्याने तिच्या छातीशी बांधला. नखाचा रंग पाहिला, मनगटाशी नाडी पाहिली. माझ्या डोक्यावरचा रुमाल मागून घेतला, थंड पाण्याची बाटली त्यात गुंडाळून कोपराच्या वर धरली. उघडी बाटली कातडीला लावू नकोस, मला म्हणाला, थोडा वेळ धर, मग काढ. मी गाडीत इस्पितळापर्यंत तेच करत बसले. मनात देवाचं नाव घेत होते आणि बाटली धरत होते. मागच्या बाकावर पैलवान होते.

डॉक्टरने फोटो काढून, झोपेचं औषध देऊन कोपर बसवलं. हाड मोडलं नव्हतं. काही दिवस पट्टी, मग हात हळूहळू हलवायचा. रगडायचं नाही, शेकायचं नाही, दुसऱ्या कुणी ताणायचं नाही, असं त्याने दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तो पैलवानांकडे बघत होता. आमच्याकडचे थोरले काय करतात ते त्याला ठाऊक असणार.

तरी चरबी आलीच. थंडी पडली तेव्हा एके दुपारी मी अनोरगुलकडे होते. पैलवान वाटी घेऊन आत आले, वाफ निघत होती. पोरीच्या आईने डोळे खाली घातले. एशकोबिल तिथे रोजच्यासारखा बसला होता.

"थोडीशी," पैलवान म्हणाले. "पोरीचा हात गारठलाय. मी जोरात नाही चोळणार."

एशकोबिलने वाटी घेतली. मला वाटलं आता हा गप्प बसणार. तो म्हणाला, "दादा, ताजी आहे का?"

"आजच कढवली."

"मग कांदा घालून पुलाव करू वहिनींच्या हातचा. हातापेक्षा पोटात गेली तर पोरीला बळ येईल."

पैलवान म्हणाले, "तुझी ही तालीम आहे की बाळंतिणीची खोली? पोरगी नुसती हात वर कर, हात खाली कर, करते."

"बाळंतिणीला निदान बाळ तरी मिळतं," अनोरगुल म्हणाली, आणि तिच्या आईने तिला चापट मारली. डाव्या हाताला. पुलाव झाला, आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

हिवाळाभर असंच चाललं. काका रोज यायचा, पण तिच्या हाताला त्याने कधी जोर लावला नाही. तिने आपणहून वाकवायचा, आपणहून सरळ करायचा, येईल तिथपर्यंत. दुखणं कळ बनलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर काल जास्त झालं असं समजायचं. आधी रिकामा हात, मग पाण्याचा पियाला, मग किटली. फेब्रुवारीत ती आमच्या तंदुराशी येऊन कणीक मळू लागली. होसियत म्हणायची, ही उजव्या हाताने कमी मळते, चोर आहे. मग दोघी भांडायच्या, आणि भांडता भांडता पोरगी उजव्यावर जोर द्यायची. मला वाटतं होसियतला तेच हवं होतं.

नवरोज, म्हणजे वसंतातला नव्या वर्षाचा सण, जवळ आला तेव्हा हात जवळपास सरळ झाला होता. दुखत नव्हता. तिला वाटलं झालं, आणि तिच्या बापालाही वाटलं झालं.

नवरोजच्या कुस्त्यांची नावं आमच्याकडे आधीच सांगतात. सफर बाबा म्हणून एक म्हातारा आहे, तो बकावुल, म्हणजे रिंगणात पुकारा करणारा. नोरबोता पैलवानांनी त्याच्या घरी जाऊन पोरीचं नाव दिलं. असं चार माणसांत दिलेलं नाव घरी बसून मागे घेता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने रिंगणात उतरून कमरेचा रुमाल सोडायचा आणि बकावुलाच्या हातात द्यायचा. हरलेला माणूस देतो तसा. आणि त्या घरात वडीलधारे म्हणजे स्वतः पैलवानच.

होसियतने मला हे सांगितलं तेव्हा ती घाबरलेली होती. "हे म्हणतात, अजून नाही. सगळं उन्हाळ्यानंतर. पोरगी ऐकत नाही. दादांना सांगायला रोज जातात, चहा पिऊन परत येतात."

"बोलत नाहीत?"

"चहाची चव सांगतात मला."

पोरीला त्याने आधी पटवलं. मी तिचं नवीन जाकीट घेऊन गोदामात गेले होते, बाह्या बघायला. लहान पोरं उड्या मारून अंग गरम करत होती. अनोरगुल भिंतीला हात टेकून दाबून दाखवत होती.

"बघा काका. दोन्ही सारखे."

"जोर सारखा आला, खरंच," एशकोबिल म्हणाला. "चांगला आला. चल, त्या टोकापर्यंत चालत जाऊन ये."

ती चालत निघाली, आमच्याशी काहीतरी बोलत. नमद्याच्या मधोमध आल्यावर त्याने बाजूने येऊन तिला खांद्याने ढकललं. फार नाही. ती तोल जाऊन मागे पडू लागली आणि तिचा उजवा हात मागे गेला, ताठ, पंजा उघडा. तो जमिनीला लागायच्या आत एशकोबिलने तिला जाकिटाच्या गळ्याला धरून वर घेतलं. ती त्याच्या हातात लोंबत राहिली आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

"मी मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मला वाटलं हात जवळ घेतला मी."

"डोकं शिकलंय. हात अजून शिकला नाही. तो आत्ता पुन्हा गेला तर परत असा यायचा नाही, अनोर."

ती नमद्यावर बसली आणि रडली. लहान पोरं उड्या मारायची थांबली. एशकोबिलने त्यांना हाताने खूण केली, चालू ठेवा, आणि स्वतः पोरीशेजारी बसून राहिला. त्याने तिला उगी उगी केलं नाही. रडू ओसरल्यावर ती म्हणाली, "पण दादाला कोण सांगणार?" बापाला ती दादाच म्हणते.

त्या दुपारीच तो गेला. मीही गेले, कारण जाकिटाचं माप पोरीच्या आईला दाखवायचं होतं, आणि होसियत म्हणाली, ताई, तू असलीस तर ते चहा पिऊन पळून येणार नाहीत.

पैलवान चबुतऱ्यावर बसले होते. पुढे नान, मलई, सुके जर्दाळू. एशकोबिल त्यांच्यानंतर बसला. एक पियाला झाला. दुसरा झाला. मी आणि पोरीची आई आत दाराशी बाह्या उलगडत बसलो होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"दादा, अनोर नवरोजला लढणार नाही."

"तिने सांगितलं?"

"मी सांगतो."

पैलवानांनी पियाला खाली ठेवला. "हात सरळ झालाय. जोर आलाय. मी स्वतः पाहिलंय. आता काय राहिलं?"

"पडताना अजून मागे जातो. जोर येऊन हात बरा झाला असं नाही होत. भीती गेली पाहिजे, सवय गेली पाहिजे. मला अजून काही महिने द्या. उन्हाळा द्या."

"आमच्या वेळी कुणी महिने मोजले? तुझा हात निखळला तेव्हा वसंतात तू रिंगणात होतास. बसवला, चोळला, बांधला, उतरलास. झालं की नाही बरं?"

पोरीच्या आईने माझा गुडघा घट्ट धरला. मला वाटलं, आता एशकोबिल उठेल आणि चहाची चव सांगायला घरी जाईल.

त्याने बाही वर केली आणि डावा हात दस्तरखानावर ठेवला, नानच्या शेजारी.

"सरळ करा, दादा."

"काय?"

"हा हात सरळ करून बघा. हळू करा. मला काही होत नाही."

पैलवानांनी मनगट धरलं. दुसरा हात कोपराखाली घातला. जरा दाबलं. मग थांबले. कोपराच्या वरचं मांस त्यांनी अंगठ्याने चाचपलं, तिथे दगडासारखं काही लागतं, ते त्यांना लागलं असणार. ते बराच वेळ तसेच धरून बसले. इतकी वर्षं तो हात त्यांच्यासमोर होता, दोन्ही हातांनी त्यांना नान वाढलं जायचं, पण त्यांनी तो हातात घेतला नव्हता.

"हे असंच आहे? तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"बोलला का नाहीस?"

"काय बोलणार. तुम्ही मला वाचवायलाच गेला होतात. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, दादा." एशकोबिलचा आवाज अगदी लहान झाला होता. "पण मला कुणीतरी सांगितलंय. मला माहीत असून मी गप्प बसलो आणि पोरीचा हात असा झाला, तर ते पाप मला लागेल."

पैलवानांनी हात सोडला नाही. हळूच खाली ठेवला, बाही ओढून मनगटापर्यंत आणली, बटण लावलं. मग उठले आणि मेंढरांना चारा घालायला मागे गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. संध्याकाळच्या नमाजाची वेळ झाली तरी मागेच होते.

नवरोजच्या दिवशी ऊन होतं, पण डोंगरावरून गार वारा सुटला होता. सुमलकची, म्हणजे गव्हाच्या गोड खिरीची, कढई एका बाजूला, रिंगण दुसऱ्या बाजूला. मी वाटी घेऊन बायकांत उभी होते. अनोरगुल नवीन जाकीट घालून आली होती. ते घालू नकोस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पैलवान पुढच्या रांगेत, टोपी नीट, कमरेला लाल रेशमी रुमाल. एशकोबिल रिंगणाच्या पार पलीकडे आपली लहान पोरं घेऊन उभा होता.

मुलींच्या कुस्त्या आल्या. सफर बाबांनी देनोवच्या एका मुलीचं नाव पुकारलं. ती आली. मग ते म्हणाले, "नोरबोता पैलवानाची लेक, अनोरगुल."

अनोरगुलने बापाकडे पाहिलं. मी पलीकडे एशकोबिलकडे पाहिलं. तो खाली बघत होता. देवा, आता तूच बघ, असं मी मनात म्हटलं.

पैलवान उठले. गुडघा दुखत असावा, कारण त्यांनी शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग एकटे रिंगणात गेले.

"काय पैलवान," सफर बाबा म्हणाले, "लेकीऐवजी तुम्ही लढणार का? देनोवची पोरगी भारी आहे, बघा."

लोक हसले. पैलवानही थोडे हसले. मग त्यांनी लाल रुमालाची गाठ सोडली. हसणं एकदम थांबलं. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, अगं बाई, हे काय. त्यांनी रुमालाची घडी केली आणि दोन्ही हातांनी बकावुलाला दिली.

"नाव मी दिलं होतं, मी मागे घेतो," ते म्हणाले. आवाज मोठा, सगळीकडे जाणारा. "पोरीचा हात अजून पुरा बरा झालेला नाही. मला कळलं नव्हतं. माझ्या भावाला कळलं, आणि याच्यात माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आज मागतो. माझ्या लेकीच्या हातासाठी दुआ करा."

त्यांनी दोन्ही तळहात समोर उघडले. सफर बाबांनी रुमाल काखेत धरून उघडले. मग पुढची रांग, मग मागची, मग कढईपाशी ढवळणाऱ्या बायका. मी सुमलकची वाटी गवतावर ठेवली आणि हात उघडले. देनोवच्या त्या मुलीनेही उघडले. म्हाताऱ्याने दोन वाक्यं म्हटली आणि सगळ्यांचे हात तोंडावरून फिरले.

सफर बाबांनी दुसरं नाव पुकारलं. पैलवान आपल्या जागेवर परत आले नाहीत. कमर मोकळी, टोपी नीट, असे ते रिंगण ओलांडून सरळ पलीकडे गेले, जिथे एशकोबिल उभा होता. मी इकडून तिकडे गेले, कारण मला ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू.

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते. रिंगणात नवीन जोड लागली होती, दोघेही तिकडे बघत होते. एशकोबिलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला त्याने उजवा हात वर नेला नव्हता, कारण त्या हाताला एक लहान पोरगं धरून उभं होतं.

पैलवान म्हणाले, "वारं गार आहे."

"हो, दादा."

"मग ही पोरं अशी नुसती उभी का केलीस? यांचा पुकारा होईल आता. अंग गरम करायला लाव की."

"हो, दादा."

पण तो तसाच उभा राहिला. तेव्हा पैलवानांनी स्वतःच टाळी वाजवली आणि पोरांना म्हणाले, चला रे, उड्या मारा. पोरं उड्या मारू लागली. अनोरगुल तिकडून आली, जाकिटाचा पट्टा सोडून तिने हातात धरला होता, आणि ती त्या लहान पोरांच्या रांगेत शेवटी उभी राहून उड्या मारू लागली.